राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने ग्रीन कार्डची रांग का संपत नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मनावर घेतलं तर भारतीयांची ग्रीन कार्डची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग एका सहीने संपेल का? आणि ‘बिल पास झालं’ अशी बातमी येऊनही पुढे काहीच का घडत नाही? पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्यासाठी मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल.

आपल्या डोक्यात संसदीय पद्धत पक्की बसलेली असते. पंतप्रधानांमागे लोकसभेचं बहुमत असतं, त्यामुळे सरकारने आणलेलं विधेयक सहसा पास होतं. इथे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, सदस्यच नसतात, आणि त्यांचे मंत्रीही तिचे सदस्य नसतात. विधेयक मांडायचं तर एखाद्या सदस्यानेच मांडायचं. काँग्रेसमध्ये विरोधी पक्षाचं बहुमत आलं तरी राष्ट्राध्यक्ष आपली चार वर्षं पूर्ण करतात. काँग्रेसची सभागृहं दोन. हाउसमध्ये ४३५ प्रतिनिधी, जागा लोकसंख्येनुसार, निवडणूक दर दोन वर्षांनी. सिनेटमध्ये १०० जण, प्रत्येक राज्याचे दोन, मुदत सहा वर्षं. कॅलिफोर्नियाचे दोन आणि अगदी कमी लोकसंख्येच्या वायोमिंगचेही दोनच.

आता आपली रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा, हे दोन्ही आकडे काँग्रेसने केलेल्या कायद्यात लिहिलेले आहेत. कायद्यातला आकडा बदलायचा तर दोन्ही सभागृहांनी शब्दशः एकच मसुदा पास करायला हवा आणि मग राष्ट्राध्यक्षांची सही हवी. त्यांनी व्हेटो (नकाराधिकार) वापरला तर तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात.

नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची ही ७ टक्क्यांची अट काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये हाउसने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास केलं. दोन्ही पक्षांची मतं पडली. आपल्या लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि ते स्वाभाविकच होतं. पण सिनेटचं गणित वेगळं आहे. तिथे चर्चा थांबवून मतदानाला जायचं तर सहसा ६० मतं लागतात. दुसरा मार्ग सर्वसंमतीचा, पण त्यात एकाही सिनेटरने आक्षेप घेतला की विषय तिथेच अडतो. यूटाचे माइक ली हे विधेयक पुढे रेटत होते. इलिनॉयचे डिक डर्बिन यांनी २०१९ मध्ये आक्षेप घेतला. ग्रीन कार्डांची एकूण संख्याच वाढवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. वाटाघाटी लांबत गेल्या. शेवटी २ डिसेंबर २०२० ला सिनेटने सर्वसंमतीने ते पास केलं, पण बदललेल्या मसुद्यासह. म्हणजे दोन सभागृहांनी दोन वेगळे मसुदे पास केले होते. ते एक करायला महिनाभर उरला होता आणि तेवढ्यात ते जमलं नाही. ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बाद झालं. इथे अर्धवट राहिलेलं विधेयक नव्या काँग्रेसमध्ये आपोआप जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याहून वाईट वाटावं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. दोन्ही सभागृहं अनुकूल होती, तरी हाती काहीच आलं नाही.

मग राष्ट्राध्यक्षांच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि बरंच आहे. कायद्याने जिथे मोकळीक ठेवलेली असते तिथे त्यांची खाती नियम करतात. एच-१बी या कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांच्या, एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली ती अशा नियमाने, २०१५ मध्ये ओबामांच्या काळात. पुढच्या सरकारने तो रद्द करायचं जाहीर केलं होतं, पण तो टिकला. नियम मागे घ्यायलाही ठरलेली प्रक्रिया लागते, आणि कोणीही कोर्टात जाऊ शकतं. राष्ट्राध्यक्षांचे आदेशही कायद्याच्या चौकटीतच. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ते थेट अवैध ठरवलं होतं.

पैशाची किल्ली मात्र पूर्णपणे काँग्रेसकडे. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाची विधेयकं पास झाली नाहीत तर सरकार पडत नाही, पण पैसे न मिळालेल्या खात्यांची बरीचशी कामं बंद होतात. ऑक्टोबर २०१३ च्या १६ दिवसांच्या शटडाउनमध्ये कामगार खात्यातलं एलसीए (एच-१बीसाठी लागणारी, पगार आणि कामाच्या अटींबाबतची मंजुरी) आणि पर्म (ग्रीन कार्डसाठी लागणारं कामगार खात्याचं प्रमाणपत्र) यांचं काम ठप्प झालं होतं. इमिग्रेशन खातं मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं, म्हणून ते सुरू राहिलं. पण एलसीएशिवाय एच-१बीचा नवा अर्ज भरायचा कसा?

म्हणून पुढची बातमी वाचताना आधी बघा की ती कशाची आहे: विधेयक, खात्याचा नियम, राष्ट्राध्यक्षांचा आदेश की कोर्टाचा निकाल. विधेयक असेल तर कुठल्या सभागृहात किती पुढे गेलंय तेही बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर हे चारही एकाच दमात ‘नवा कायदा’ म्हणून फिरतात, आणि त्यावर विसंबून लोक घर विकायचे किंवा नोकरी सोडायचे निर्णय घेतात. कृपा करून तसं करू नका.

आणखी एक. तुमची स्वतःची फाइल ठरलेल्या मुदतीपेक्षा खूप जास्त अडकली असेल, तर तुमच्या भागाच्या हाउस प्रतिनिधींच्या स्थानिक ऑफिसला फोन करा. तुम्हाला मताचा अधिकार नसला तरी त्या भागातले रहिवासी म्हणून ते सहसा मदत करतात. एक संमतिपत्र भरून घेतात आणि इमिग्रेशन खात्याकडे चौकशी करतात. रांगेत पुढे ते नेऊ शकत नाहीत, पण फाइल कुठे पडून आहे ते बऱ्याचदा कळतं. पावती क्रमांक हाताशी ठेवा.