दोन रात्रींसाठी मध्यवस्तीतलं हॉटेल घ्यावं का, आणि घेतलं तर शांत खोली कशी मिळवावी?

तुम्ही विचारलं आहे की आईला घेऊन एका मोठ्या शहरात दोन रात्री राहायचं आहे, त्यांचे गुडघे दुखतात, तर अगदी मध्यवस्तीतलं चांगलं हॉटेल घ्यावं की जरा बाहेरचं स्वस्त? आणि घेतलंच, तर खोली चांगली मिळावी म्हणून काय करावं? मी अकरा वर्षं अशाच एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये होतो, त्यातली चार रात्रपाळीत गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो, दुसऱ्याचं सविस्तर. खरी गोम दुसऱ्यात आहे.

मध्यवस्तीतलंच घ्या. दोन रात्री म्हणजे दोन दिवस असं आपण सहज म्हणतो, पण दुपारी ३ ला चेक-इन आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ११ ला चेक-आउट धरलं तर हातात ४४ तास येतात. झोपेचे सोळा गेले, आंघोळ, जेवण, आवराआवर गेली. उरलेल्या वेळात शहर बघायचं. बाहेरच्या हॉटेलातून एका वेळी तासभर प्रवास असेल तर रोजचे दोन तास त्यात जातात, पण मला ते नुकसान मोठं वाटत नाही. मोठं नुकसान हे की दुपारी परत येता येत नाही. तासभर येऊन पुन्हा तासभर जायचं, या विचारानेच माणूस दिवसभर बाहेर राहतो, आणि बरोबरची वयस्कर व्यक्ती कुठल्या तरी बाकावर बसून संध्याकाळ होण्याची वाट बघते. हॉटेल चार पावलांवर असेल तर त्या दीड वाजता खोलीत येतील, पाय उशीवर ठेवून तास-दीड तास पडतील आणि चार वाजता स्वतःहून विचारतील, आता कुठे जायचं? हॉटेलच्या सोयींच्या यादीत ही सोय कुठेच लिहिलेली नसते, पण जास्तीचे पैसे तुम्ही तिच्यासाठीच मोजता. आठवडाभर राहायचं असतं तर मी कदाचित उलट सांगितलं असतं.

तारखा हलवता येत असतील तर शुक्रवार ते रविवारच्या रात्री बघा. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, आणि ती मंडळी शुक्रवारी घरी परततात. रविवारची रात्र बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडते. मात्र असा भाग सुट्टीच्या दिवशी संध्याकाळनंतर ओस पडतो, हेही लक्षात असू द्या. ‘शहराच्या केंद्रापासून अमुक अंतर’ या आकड्यावर जाऊ नका. नकाशा उघडून बघा की मेट्रोचं किंवा बसचं ठिकाण किती पावलांवर आहे, मध्ये जिने किंवा भुयारी मार्ग आहे का, शेजारी रात्री उशिरापर्यंत चालणारा क्लब, इस्पितळ किंवा अग्निशमन केंद्र आहे का. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचताना ‘बांधकाम’ हा शब्द शोधा. शेजारच्या प्लॉटवर सकाळी सातला ड्रिल सुरू होत असेल तर आतली गादी कितीही मऊ असो, उपयोग नाही.

आता खोलीबद्दल. लोक हॉटेल निवडायला आठवडा घालवतात आणि खोली मिळेल ती घेतात. माझ्या अनुभवात एकाच हॉटेलच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट खोलीत जो फरक असतो, तो दोन हॉटेलांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. दोघांचं भाडं मात्र पुष्कळदा एकच.

फरक असतो तो आवाजाचा, आणि थोड्या मुक्कामात तो जास्तच जाचतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नव्या जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर असल्यासारखा आवाजांना दाद देत राहतो. त्याच जागी नंतर झोपल्यावर हा फरक दिसला नाही. तुमच्या दोन रात्रींपैकी एक अशी पहाऱ्याची रात्र असणारच आहे. अर्धा मुक्काम! त्या रात्री दार आपटलं, पाणी सोडलं, ट्रॉली गेली, की जाग येणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि मधूनच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलपर्यंत असावा, असं म्हटलं आहे. मध्यवस्तीत हे जमतं, पण कुठल्याही खोलीत जमत नाही.

‘वरचा मजला द्या’ ही आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी विनंती. वरच्या मजल्याचा मान तसा अलीकडचा आहे. लिफ्ट नव्हती तेव्हा चांगल्या खोल्या खाली असायच्या आणि छपराखालच्या खोल्या नोकरांना मिळायच्या. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात एलिशा ओटिस यांची प्रवासी लिफ्ट बसली, आणि पुढे तशा लिफ्ट सगळीकडे आल्यावर ही उतरंड उलटी झाली. वरून देखावा चांगला मिळतो, यात शंका नाही. पण सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं तरी साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. पाचव्या मजल्यावरून दहाव्यावर गेल्याने कानाला जेमतेम फरक कळतो. खरा फरक खिडकीचं तोंड कुठे आहे याने पडतो. रस्त्याच्या उलट्या बाजूची, आतल्या चौकाकडे उघडणारी खोली देखाव्यात मार खाते आणि झोपेत जिंकते. फक्त त्या चौकात स्वयंपाकघराचा धुराडा किंवा एसीची मोठी यंत्रं नाहीत ना, हे विचारून घ्या. अगदी शेवटचा मजलाही नको, कारण गच्चीवरच्या यंत्रांची घरघर छतातून उतरते.

आतला आवाज तर बाहेरच्यापेक्षा त्रासाचा. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असलेली खोली कधीही घेऊ नका. त्याला आम्ही कनेक्टिंग रूम म्हणतो. कुटुंबांसाठी ती सोयीची असते, पण पलीकडे अनोळखी माणूस असेल तर त्याचा फोनवरचा शब्द न् शब्द ऐकू येतो. भिंत कितीही जाड असली तरी आवाज दाराच्या फटीतून येतोच. लिफ्टच्या समोरची खोली नको, सर्व्हिस लिफ्टजवळची तर मुळीच नको. तिथून पहाटे चादरी-टॉवेलच्या गाड्या निघतात. पाण्याचा आवाज मात्र पूर्ण टळत नाही. १९०८ साली एल्सवर्थ स्टॅटलर यांनी अमेरिकेतल्या बफेलो शहरात हॉटेल बांधताना प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर दिलं, आणि ते परवडावं म्हणून शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून त्यांचे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. आजही बहुतेक हॉटेलं याच रीतीने बांधतात. म्हणून शेजाऱ्याचा शॉवर आपल्या न्हाणीघरात ऐकू येतो. रात्री न्हाणीघराचं दार लावून झोपलं तर तो बराच दबतो.

तुमच्या बाबतीत मी तिसरा ते सहावा यांतला मजला मागितला असता. कारण आवाजाचं नाही, जिन्याचं आहे. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, आणि अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिड्या साधारण सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत पोचतात. १९८० साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग खालच्या मजल्यावर लागली होती, ८५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून गेली. तुम्हाला घाबरवायचं नाही. खोलीत शिरण्यापूर्वी आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा आणि आईंनाही तो जिना दाखवा. धुरात दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून मोजलेली दारंच वाट दाखवतात.

न्हाणीघराचं आधी विचाराच. जुन्या मोठ्या हॉटेलांत अजून बाथटब असतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी टबची कड ओलांडणं हे सबंध मुक्कामातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. ‘उंबरा नसलेला शॉवर आणि पकडायला दांडी’ असं स्पष्ट सांगा. आणि दोन वेगळे पलंग हवेत हे लेखी कळवा. बुकिंगच्या साइटवर ‘डबल किंवा ट्विन’ (एक मोठा पलंग किंवा दोन वेगळे) असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘उपलब्ध असेल ते’ एवढाच असतो.

हे मागायचं कधी आणि कसं? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी ठरायच्या. त्याला रूम ब्लॉक करणं म्हणतात. ज्यांची मागणी तोवर आलेली असते त्यांचा विचार आधी होतो, उरलेल्या खोल्या येतील तशा वाटल्या जातात. त्यामुळे साइटवरच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीवर विसंबू नका. एक दिवस आधी थेट हॉटेलात फोन करा, फ्रंट ऑफिस मागा, बुकिंग क्रमांक सांगा आणि दोन-तीनच गोष्टी बोला: आईंचे गुडघे, उंबऱ्याशिवायचा शॉवर, आणि मागच्या बाजूची, कनेक्टिंग नसलेली खोली. दहा गोष्टी मागितल्या तर त्यातली महत्त्वाची कुठली हे समोरच्याला कळत नाही. कारण सांगितलं की माणूस मनापासून खटपट करतो. मी तरी करायचो. किती वाजता पोचणार तेही सांगा.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एक वयस्कर जोडपं रात्री अकराला आलं. कुठलीही विनंती नव्हती, हॉटेल भरलेलं होतं आणि माझ्याकडे सर्व्हिस लिफ्टशेजारची एकच खोली उरली होती. पहाटे पाचला मी काउंटरवर असताना ते आजोबा कपडे करून खाली येऊन लॉबीत बसले. तक्रार केली नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ही आत्ता कुठे झोपली आहे, माझ्या हालचालीने उठायला नको.’ त्यांनी आदल्या दिवशी एक फोन केला असता तर मागच्या बाजूची खोली मी त्यांच्या नावावर ठेवली असती. तेव्हापासून रात्री उशिरा पोचणाऱ्या वयस्कर पाहुण्यांना मी स्वतः दुपारी फोन करायला लागलो.

लवकर पोचलात तर खोली तयार नसेल, यात कोणाची आडमुठेपणाची वृत्ती नसते. एका खोलीच्या सफाईला अर्धा तास लागतो, एका माणसाकडे दिवसाला पंधराच्या आसपास खोल्या असतात आणि आधीचे पाहुणे अकरा-बाराला जातात. तुम्ही नोंदणी उरकून घ्या, सामान ठेवा, मोबाइल नंबर द्या आणि बाहेर पडा. औषधं आणि एक जोड कपडे वेगळ्या लहान पिशवीत असू द्या. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट कार्डावर अडकलेले पैसे मोकळे व्हायला कित्येक दिवस जातात. स्थानिक कर आणि सेवाशुल्क धरून एकूण आकडा बुकिंगच्या वेळीच बघून ठेवा.

काउंटरवरच्या माणसाला रस्ता, ठिकाणं विचारायची असतील तर सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा ही गर्दीची वेळ टाळा. रात्री आठनंतर तो निवांत बोलेल. कोणाच्या कोटाच्या कॉलरवर एकमेकांवर ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर त्यांनाच गाठा. १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ‘ले क्ले दॉर’ या काँसिएर्जच्या, म्हणजे पाहुण्यांना हवं-नको ते बघणाऱ्या हॉटेलातल्या माणसांच्या, संघटनेची ती खूण आहे, आणि पाहुण्यांची नड भागवण्यात ती माणसं मुरलेली असतात. ‘आईला मध्ये मध्ये बसता येईल असा दोन तासांचा फेरफटका सांगा’ असं नेमकं विचारा.

शेवटची गोष्ट खोलीत शिरल्या शिरल्या करायची. बॅग उघडू नका, पलंगावर बसू नका, न्हाणीघर वापरू नका. टीव्ही, एसी बंद करा आणि दोन मिनिटं नुसतं उभं राहून ऐका. मग आईंना शॉवरपर्यंत चालून बघू द्या. काही खटकलं तर तसेच खाली या. न वापरलेली खोली लगेच दुसऱ्याला देता येते, त्यामुळे त्या क्षणी बदलून द्यायला आमची काहीच हरकत नसते. चादर विस्कटली की ती पुन्हा हाउसकीपिंगकडे जाते आणि सगळंच अवघड होतं. रात्री त्रास झाला तरी त्याच रात्री फोन करा, चेक-आउटपर्यंत मनात ठेवू नका. रात्री अकराला मी खोली बदलून देऊ शकत होतो, सकाळी अकराला फक्त माफी मागू शकत होतो.