त्याला जाळ्याजवळ बसायची लाज का वाटते?

प्रश्न: मी मालवणजवळच्या एका गावातली. नवऱ्याची होडी आहे, मी बाजारात मासे विकते. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. रात्री एक-दोन वाजेपर्यंत रील्स बघतो, सकाळी उठत नाही, शाळेत पेंगतो, अभ्यास मागे पडलाय. सध्या मासेमारी बंदी असल्याने हे घरीच असतात. परवा त्यांनी अंगणात जाळी दुरुस्त करायला बोलावलं तर म्हणाला, "माका लाज वाटता." ह्यांनी कानाखाली मारली नि मोबाईल काढून घेतला. तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नाही. सासूबाई म्हणतात, मोबाईल दर्यात टाक. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही झोपेबद्दल आणि अभ्यासाबद्दल बरंच लिहिलंय, लाजेबद्दल एकच वाक्य. मला काळजी वाटते ती त्या वाक्याची.

त्याला मोबाईलमध्ये रोज काय दिसत असेल ते डोळ्यांसमोर आणा. तारकर्लीला आलेले पर्यटक, स्कूबा, ड्रोनमधून दिसणारं निळं पाणी. दर्या त्याच्या ओळखीचा, पण त्यात त्याचा बाप कुठेच नाही. डिझेलचा खर्च, रिकामं वर आलेलं जाळं, आईच्या हाताला येणारा मासळीचा वास, यातलं काही त्या अर्ध्या मिनिटात मावत नाही. या वयात पोरं स्वतःला सतत दुसऱ्याशी ताडून बघतात. पूर्वी समोर वाडीतली चार पोरं असायची. आता सगळं जग असतं, तेही निवडून, सजवून दाखवलेलं. मला वाटतं, तो वडिलांना नाही, स्वतःलाच कमी समजू लागलाय. त्यात कानाखाली बसली. मग बोलणार कसा?

म्हणून सुरुवात ह्यांनी करावी. "मारायला नको होतं" एवढं त्याला सांगावं. त्याने बापाचा मान कमी होत नाही. मग एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून, तुला यातलं काय आवडतं ते दाखव, असं म्हणावं आणि न टोकता बघावं. जाळ्याचा विषय इतक्यात काढू नका. तो आपणहून येऊन बसला तर बसू दे.

मोबाईल परत द्या, पण रात्रीचा नाही. जत्रेत रात्रभर दशावतार बघून दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणारी पोरं आपल्याकडे नवी नाहीत. पण तिथे पहाटे दहिकाला होतो आणि खेळ संपतो. रील्सना दहिकाला नाही. एक संपायच्या आत दुसरं हजर, कारण पोर जितका वेळ बघेल तितक्या जाहिराती कंपनीला दाखवता येतात. तिथे मोठी माणसंही हरतात, म्हणून शेवट घरानेच ठरवायचा. रात्री दहाला सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे ह्यांचा आणि तुमचाही. १ जून ते ३१ जुलै होडी किनाऱ्यावर असताना ह्यांच्या हातात मोबाईल किती वेळ असतो, ते पोरगा बघतोच आहे. हा नियम एकट्यालाच लावलात तर ती त्याला शिक्षाच वाटेल.

त्याला आळशीही म्हणू नका. या वयात शरीराला झोप उशिरानेच येते आणि तरी ८ ते १० तास लागतात.

इन्स्टाग्रामवर त्याने जन्मसाल कोणतं टाकलंय, तेही त्याच्यासमोरच बघा. अठराच्या आतल्यांसाठी २०२५ पासून आपल्याकडे वेगळी 'टीन' खाती आहेत: खातं खासगी राहतं, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोटं साल टाकून वय अठराच्या वर दाखवलं असेल तर हे लागू होईलच असं नाही.

सासूबाईंना सांगा, दर्यात टाकून भागणार नाही; शाळेचे निरोपही त्यावरच येत असतील.

महिनाभरात त्याचं बोलणं परतलं नाही, जेवण तुटलं, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं तो काही बोलला, तर थांबू नका. शेवटचं घडलं तर त्याच दिवशी, १४४१६ या सरकारच्या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.