संगणक सल्ला : आज परवडणारा प्रोसेसर, उद्या बदलता येणारा?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. जेकार्ड मागांसाठीची डिझाइने मी घरच्या संगणकावर तयार करते, आणि टॅली व जीएसटीचे कामही त्यावरच चालते. धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड लागेल, असे तो म्हणतो. दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत. पहिल्यात इंटेलचा कोर आय५-१२४००, एच६१० मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ ८५००जी, ए६२० मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर५ रॅम आहे. दुसरे साधारण नऊ हजारांनी महाग आहे. ‘पहिल्यातही पुढे आय७ टाकता येईल, मग जास्त पैसे कशाला?’ असे दुकानदाराचे म्हणणे आहे. काय घ्यावे?
— एक वाचिका, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. १२४०० ज्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या जागेत, बसतो, ते इंटेलने २०२१च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर आणले, त्यावर तेरावी आणि चौदावी पिढी चालवली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए१८५१ हे निराळे सॉकेट काढले. म्हणजे आज आपण पहिले कोटेशन स्वीकारलेत, तर पुढे त्यात बसू शकणारे प्रोसेसर आधीच बाजारात येऊन गेलेले आहेत. दोन-तीन वर्षांनी बदलायची वेळ येईल, तेव्हा ते नवे मिळतीलच असे नाही. बहुधा जुन्या बाजारातच शोधावे लागतील, आणि तिथे एक धोका आहे. तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत असल्याचे इंटेलने २०२४मध्ये मान्य केले, त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु ही दुरुस्ती पुढचे नुकसान टाळते, झालेले भरून काढत नाही. कुणीतरी वापरून विकलेला आय७ आतून कितपत शाबूत आहे, हे काउंटरवर उभे राहून कळत नाही.

दुसरी अडचण मदरबोर्डाची आहे, आणि ग्राहक नेमके तिथेच पाहत नाहीत. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, एच६१०च्या स्वस्त बोर्डांवर साधा असतो आणि पुष्कळदा त्यावर उष्णता वाहून नेणारी पट्टीसुद्धा नसते. १२४००ला तो पुरतो. त्याच बोर्डावर आय७ बसवला तर संगणक सुरू होईल, स्क्रीनवर आय७ असे नावही दिसेल, पण सलग जड काम सुरू झाले की बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग खाली खेचेल. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात, पंख्याखालच्या खोलीत, हे पुण्याच्या वातानुकूलित कचेरीपेक्षा लवकर घडेल. तेव्हा ‘टाकता येईल’ आणि ‘टाकून उपयोग होईल’ यांत फरक करावा.

सॉकेट किती काळ टिकते, याबाबत दोन्ही कंपन्यांचा इतिहास वेगळा आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठी २०१७मध्ये पहिले रायझन आले, आणि त्या वेळच्या बऱ्याच बोर्डांवर २०२२मध्ये, बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डावरच असलेली प्रणाली) अद्ययावत करून, ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालू लागले. इंटेलकडे याच्या उलट उदाहरण आहे : २०१५च्या एलजीए११५१ बोर्डावर २०१७ सालचा आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, पिनांची संख्या तीच असूनसुद्धा. आता एएमडीचे एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आले, त्यावर ७०००, ८००० आणि ९००० या मालिका निघाल्या, आणि निदान २०२७पर्यंत या सॉकेटला साथ देऊ, असे कंपनीने जाहीर केले आहे. आपल्या दुसऱ्या कोटेशनमधले जास्तीचे पैसे मुख्यतः या मोकळ्या जागेचे आहेत.

तरीही दुसरे कोटेशन आहे तसे स्वीकारू नये. ८५००जी हा मुळात अंगभूत ग्राफिक्सवर भागवणाऱ्यांसाठीचा प्रोसेसर आहे. त्यातील सहा कोअरपैकी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) दोनच पूर्ण वेगाचे झेन ४ कोअर असून उरलेले चार झेन ४सी प्रकारचे, कमी वेगाचे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी त्यात पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातील माहितीच्या मार्गाच्या, फक्त चारच लेन आहेत. बोर्डावरचा स्लॉट सोळा लेनचा, लांबलचक दिसतो. कार्ड त्यात व्यवस्थित बसते. पण प्रोसेसर त्याच्याशी चारच लेनने बोलतो. म्हणजे आपल्या भावाने दोन वर्षांनी चांगले कार्ड आणले, तरी ते पूर्ण क्षमतेने चालवण्यासाठी आधी प्रोसेसर बदलावा लागेल. पुढची सोय म्हणून घेतलेली वस्तूच पुढे आडवी यायची! याच सॉकेटचा रायझन ५ ७६०० थोडा महाग पडेल, पण त्यात सहाही कोअर पूर्ण वेगाचे आहेत, कार्डासाठी सोळा लेन आहेत, आणि पडद्यावर चित्र दाखवण्यापुरते अंगभूत ग्राफिक्सही आहे. बॉक्समधला पंखा त्याला पुरतो. (नावाशेवटी ‘एफ’ असलेला ७५००एफ किंवा १२४००एफ कोणी स्वस्तात देऊ केला, तर कार्ड घेईपर्यंत पडदा काळाच राहील, हे ध्यानात ठेवावे.)

आता आपल्या कामाबद्दल. जेकार्डचे डिझाइन म्हणजे लहान-लहान चौकोनांचा प्रचंड मोठा तक्ता असतो. ताणा कुठे वर आणि बाणा कुठे वर, एवढेच प्रत्येक चौकोन सांगतो. अशा कामाला एका कोअरचा वेग आणि पुरेशी रॅम लागते. बारा-सोळा कोअर असले तर ते नुसते बसून राहतात. टॅलीचेही तसेच. तेव्हा आपल्या एकटीच्या कामासाठी १२४०० काय किंवा ७६०० काय, दोन्ही पुढची बरीच वर्षे निवांत पुरतील. प्रश्न फक्त भावाच्या ग्राफिक्स कार्डाचा आणि त्यानंतरच्या वाढीचा आहे.

रॅमबाबत दुकानदार बहुधा ८ जीबीच्या दोन पट्ट्या देईल, कारण दोन पट्ट्यांनी अंगभूत ग्राफिक्सचा वेग वाढतो आणि हे सांगून विकणे सोपे जाते. आपल्या बोर्डावर मात्र रॅमचे दोनच स्लॉट असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही भरले, की पुढे ३२ जीबी करताना आधीच्या दोन्ही पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा असा अपव्यय परवडणारा नाही. आपले काम खेळांचे नसल्यामुळे १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवावा.

७६००साठी वरचे पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर बहुधा त्याच कोटेशनमध्ये सापडेल. काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि त्याबरोबर ‘फुकट’ येणारा निनावी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) असेल, तर दोन्ही काढायला सांगावेत. साधे, पुढून जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. त्यात हवा खेळते, आणि मागांच्या शेडजवळ संगणक असेल तर कापसाचे तंतू फुंकून काढणेही सोपे जाते. एसएमपीएसवर मात्र काटकसर करू नये. नामांकित कंपनीचा, वीज-कार्यक्षमतेच्या ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, तर पुढचे मध्यम ताकदीचे कार्ड त्यावर चालेल, आणि दोन प्रोसेसर बदलून झाले तरी तो जागेवर राहील. खरी पुढची गुंतवणूक मी एसएमपीएस, कॅबिनेट आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण) यांनाच म्हणेन, कारण सॉकेट कुठलेही असो, या वस्तू नव्या संगणकात तशाच जातात.

ए६२० बोर्ड ठेवायचा असल्यास त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी पाहावी. यातील काही बोर्ड ६५ वॅटच्या प्रोसेसरांपुरतेच बेतलेले आहेत. थोड्या फरकाने बी६५० हा त्यावरच्या दर्जाचा बोर्ड मिळत असेल तर तो घ्यावा. बिल कारखान्याच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह करून घेतले, तर १८ टक्के कराची वजावट मिळू शकते. आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

इतके करूनही हिशेब जमत नसेल, तर पहिले कोटेशन बिनदिक्कत घ्यावे. मात्र तेव्हा ‘पुढे आय७’ हा विचार सोडून द्यावा, १२४०० हाच त्या संगणकाचा शेवटचा प्रोसेसर समजावा आणि वाचलेले नऊ हजार भावाच्या कार्डासाठी बाजूला ठेवावेत. १२४००ला कार्डासाठी सोळा लेन आहेत, त्यामुळे कार्डाची तिथे अडचण होणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय३ आहे. ओळखीचे एक गृहस्थ वापरलेला आय७-४७७० स्वस्तात देत आहेत, तो याच बोर्डावर चालेल असे कळते. घ्यावा का?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : चालेल, पण घेऊ नये. विंडोज १०ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय७ असला तरी पिढी चौथीच. पैसे जातील आणि अडचण तीच राहील. संगणक नुसता संथ असेल आणि अजून हार्ड डिस्कवर चालत असेल, तर एक एसएसडी बसवून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी. पत्रव्यवहार, वाचन आणि नातवंडांशी बोलणे यांसाठी ती पुरेल.

हाच निकष ‘नवा आय७, १६ जीबी, अगदी स्वस्तात’ अशा जाहिरातींनाही लावावा. त्यांत बोर्ड नवा असतो, पण प्रोसेसर पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२च्या सुमाराचा आणि वापरून काढलेला असतो. दुकानात आय-नंतरचा आकडा विचारण्याआधी पिढी विचारावी आणि ती बिलावर लिहून घ्यावी.

प्रश्न : जुन्या बी६५० बोर्डावर नवा रायझन ५ ९६००एक्स बसवला, पण पडद्यावर काहीच येत नाही. प्रोसेसर खराब असेल का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : शक्यता कमी आहे. बोर्ड ९००० मालिकेच्या, म्हणजे ऑगस्ट २०२४च्या, आधीचा असेल तर त्यातील बायोस या प्रोसेसरला ओळखत नसावा. बोर्डाच्या मागील बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर पेनड्राइव्हवर नवा बायोस घेऊन, प्रोसेसर न काढताही तो भरता येतो. नसेल तर आधीचा प्रोसेसर परत बसवून अद्ययावत करावे. हे काम यूपीएसवरच करावे, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बायोस भरल्यावर पहिल्या वेळी डीडीआर५ रॅमची जुळणी होईपर्यंत काही मिनिटे पडदा काळाच राहतो. तेवढ्यात घाबरून स्विच बंद करू नये.