पॅक केलेल्या एक्झीला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की डॉस या जुन्या पीसी ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळातल्या सॉफ्टवेअरवर मराठीत लिहिताना, एलझेडएक्झी (LZEXE) किंवा पीकेलाइट (PKLITE) या टूलने लहान केलेल्या एक्झीला, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या .EXE प्रोग्राम फाईलला, 'संक्षिप्त एक्झी' म्हणावं की सरळ 'झिप केलेली'.

माझ्या मते दोन्ही नको. संक्षेप म्हटलं की काहीतरी गाळलंय असं वाटतं, आणि इथे तर कोडचा एक बाइट चुकीचा उलगडला तरी प्रोग्राम हँग होऊ शकतो. झिपचं म्हणाल तर ती आधी उघडावी लागते आणि उघडली की मूळ फाईल डिस्कवर परत तेवढीच जागा खाते. पॅक केलेली एक्झी मात्र डिस्कवर कायम छोटीच राहते, नाव टाइप करून एंटर मारलं की तिच्यातच बसवलेला एक छोटा कोड आधी चालतो, तो बाकीचं सगळं मेमरीत उलगडतो आणि मग मूळ प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे उडी मारतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे वाचते ती फक्त डिस्कची जागा, रॅम पूर्ण लागतेच. पण ३६० केबीच्या फ्लॉपीवर तेवढंही खूप होतं, शिवाय फ्लॉपी इतकी स्लो की वाचायचंच कमी असल्यामुळे कधीकधी प्रोग्राम उलट लवकर सुरू व्हायचा! एलझेडएक्झी लिहिणारा फ्रान्सचा फाब्रिस बेलार १९८९ मध्ये विशीच्याही आत होता, पुढे एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर) आणि क्यूएमू (एका कॉम्प्युटरवर दुसऱ्याची नक्कल चालवणारं) सुरू करणारा तोच.

एलझेडएक्झीने पॅक केलेली फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बघा. सुरुवातीला कुठल्याही एक्झीसारखं 'एमझेड' (MZ), थोडं पुढे, ०.९१ आवृत्ती असेल तर, 'एलझेड९१' (LZ91) अशी खूण, आणि एरवी दिसतात ते एरर मेसेज वगैरे कुठेच धड वाचता येत नाहीत.

म्हणून मी 'आवळलेली एक्झी' म्हणेन. मोळी आवळली म्हणून त्यातली काटकी कमी होत नाही. 'संपीडित' चूक नाहीये, परिभाषेच्या तक्त्यात शोभेल, पण वाचताना अडखळायला होतं. 'पॅक केलेली' तर सगळेच म्हणतात आणि तेही बिनधास्त लिहा. फक्त 'स्वयं-उलगडणारी' टाळा, कारण ते सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग फाईलसाठी लागेल, ती आतल्या फाईली डिस्कवर काढून ठेवते. उलट क्रियेला 'उलगडणे' छान बसतं, 'सोडवणे' म्हटलं की गणित आठवतं.