फिजिशियनने दवाखाना सोडून आधी नगरपालिका आणि पुढे आमदारकी, असं करावं का?

तुम्ही विचारलंय की एमडी मेडिसिन आहे, प्रॅक्टिस चांगली बसलीये, आता नगराध्यक्षपदाला उभं राहायचं मनात आहे, जमलं तर पुढे विधानसभा, तर डॉक्टर असल्याचा फायदा होतो का आणि दवाखान्याचं काय करायचं. मीही एमडी मेडिसिनच. जळगाव जिल्ह्यात गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, एक टर्म नगरसेविका होते, त्यातला काही काळ पाणीपुरवठा समितीची सभापती. गावाचं नाव लिहीत नाही, सगळी माणसं अजून तिथेच आहेत आणि रोज समोर येतात.

सरळ सांगते, जा. पण आमदारकीची पायरी म्हणून नगरपालिकेत जाणार असाल तर नका जाऊ, ती जागा दुसऱ्या कोणालातरी मिळू द्या ज्याला खरंच गावाच्या पाण्याशी घेणंदेणं आहे.

डॉक्टर असल्याचा फायदा म्हणाल तर आपल्या खान्देशात लोकांना त्याचं नवल राहिलेलं नाही. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे कॅन्सर सर्जन, नंदुरबारचे डॉ. विजयकुमार गावित, मग त्यांची मुलगी डॉ. हीना गावित जिने 2014 ला नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना हरवलं, जळगावला डॉ. गुणवंतराव सरोदे, डॉ. उल्हास पाटील. 2024 च्या लोकसभेला धुळ्यात तर दोन्ही बाजूंनी डॉक्टरच होते, भामरे आणि डॉ. शोभा बच्छाव, आणि फरक चार हजारांच्या आतला. म्हणजे डिग्रीमुळे लोक ओटा चढू देतात, चहा देतात, मत देतीलच असं नाही. आणि निवडून गेल्यावर आरोग्याचंच काम मिळेल हेही डोक्यातून काढा. भामरे 2016 ला केंद्रात मंत्री झाले ते संरक्षण राज्यमंत्री म्हणून.

आता मी का गेले ते सांगते. आमच्याकडे दर वर्षी श्रावणात कानबाईचं विसर्जन झालं की तापाची ओपीडी भरायला लागते आणि दिवाळीपर्यंत उतरत नाही. प्लेटलेट, सलाईन, डेंग्यूची एनएस1 टेस्ट, जळगावला रेफर. आणि पेशंट ठराविक वस्त्यांमधलेच. आपण काय सांगतो, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, आतून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ड्रमच्या भिंतीला चिकटलेली असतात, महिनोन् महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत, पाणी लागलं की अळी, आणि सात ते दहा दिवसांत डास. म्हणून आठवडा. हे एका बाईला मी समजावून सांगत होते, तिचा पोरगा आत ॲडमिट, तर ती म्हणाली, "दहा दिनमा पानी येस ताई, वती दिधं ते पिसूत काय?" म्हणजे ओतून दिलं तर प्यायचं काय? तिच्या घरी जाऊन पाहिलं. निळा प्लास्टिकचा ड्रम, वर जुन्या साडीचा तुकडा बांधलेला, बाई स्वच्छ, घर स्वच्छ, आणि ड्रमला टिचकी मारली तर अळ्या झपकन खाली गेल्या. आता या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की दहा दिवस पुरवायचं पाणी सातव्या दिवशी गटारीत ओत?

निवडून आल्यावर पहिलं काम हे केलं की ओपीडी रजिस्टरमधून डेंग्यू निघालेल्या पेशंटच्या गल्ल्या काढल्या आणि शेजारी पाणी सोडायचा तक्ता ठेवला. तक्ता कागदावर वेगळा होता, खरा तक्ता व्हॉल्व्हमनच्या डोक्यात. त्याच्यासोबत पहाटे फिरले, तो लांब चावी घेऊन चेंबरमध्ये वाकायचा आणि सांगायचा, हा पूर्ण उघडायचा, हा अर्धाच, हा जाम आहे केव्हाचा. टाकीजवळच्या गल्ल्यांना चौथ्या दिवशी पाणी, लाइनच्या शेवटच्या वस्त्यांना दहाव्या-बाराव्या. आणि माझे पेशंट त्याच शेवटच्या वस्त्यांमधले. गिरणा धरणातून ठराविक काळाने सुटणारं पाणी, म्हणजे आवर्तन, कमी पडतं हे खरं, पण आलेलं पाणीसुद्धा सारखं वाटलं जात नव्हतं.

ऑफिसचं उत्तर ठरलेलं, नवीन योजना मंजूर झाल्याशिवाय काही होणार नाही. मी म्हटलं योजना येईल तेव्हा येईल, आज जाम व्हॉल्व्ह बदला आणि सगळ्या गावाला सहाव्या दिवशी द्या, सात दिवसांच्या आत. सभेत जो गोंधळ झाला तो विचारू नका, कारण ज्यांना चौथ्या दिवशी मिळत होतं त्यांचं दोन दिवसांनी लांबणार होतं आणि त्यांचे नगरसेवक वजनदार. दवाखान्यात आपण एका पेशंटचं काढून दुसऱ्याला कधी देत नाही, इथे तेच करावं लागतं, आणि ज्याचं काढलं त्याच्या दारात जाऊन उभंही राहावं लागतं. माझ्याच पेशंट असलेल्या बायकांनी मला रस्त्यात सुनावलं. मी प्रत्येक नगरसेवकाला त्याच्याच वॉर्डात टॉर्च घेऊन ड्रम दाखवत फिरले, शेवटी ठराव झाला, व्हॉल्व्ह बदलले, शेवटच्या वस्त्यांना रात्रीची वेगळी पाळी लावली. पुढच्या हंगामात त्या वस्त्यांमधले तापाचे पेशंट माझ्याकडे कमी आले. डेंग्यू संपला असं मी म्हणणार नाही, पाऊसमानही वेगळं होतं. पण त्या गल्ल्यांमधून रोजचे जे चार-चार यायचे ते आले नाहीत, एवढं मी पाहिलंय.

मग टर्म संपली, 2022 पासून 2025 च्या शेवटी निवडणुका होईपर्यंत प्रशासकच होता. निवडणुका लांबत गेल्या ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत, आणि हळूहळू पाळी परत जुन्यावर आली. भांडायला सभागृहच नव्हतं. तेव्हा मला कळलं की गावात कितीही केलं तरी दोरी मुंबईत आहे. नवीन पाणी योजनेची मंजुरी तिकडे, निधी तिकडे, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरची पोस्ट भरायची का रिकामी ठेवायची हेही तिकडेच. खेड्याला झेडपीचं पीएचसी तरी आहे, आमच्यासारख्या छोट्या नगरपालिकेला स्वतःचा आरोग्याधिकारी नाही, स्वच्छता निरीक्षकावर सगळं चाललंय. म्हणून राज्यात जायचं असेल तर ह्यासाठी जा. आणि निवडणूकच लागते असं नाही. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड एमबीबीएस करून आयएएस झाले, कोविडमध्ये नंदुरबारचे कलेक्टर होते आणि दुसरी लाट यायच्या आधीच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट उभे केले. तुमचं वय त्या परीक्षेचं राहिलेलं नसेल, पण डॉक्टरने खुर्चीत बसून काय करता येतं ते तिथे दिसलं.

आता दवाखाना. आमचे भाऊजी नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी भरल्या लग्नात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की "एमडी करून नळ सोडायला गेली, पेशंट कोणी बघायचे?" अजूनही कोणी विषय काढला की तेच म्हणतात. भाऊजी, माझी ओपीडी अर्ध्यावर आली हे खरं आहे, ईएमआय ओढून भरले हेही खरं. पण एमडीला शिकवलेलं होतं म्हणूनच सात दिवसांचा आकडा मला माहीत होता, त्या सभागृहात दुसऱ्या कोणाला नव्हता. तुम्ही म्हणता डॉक्टरचं काम पेशंट आल्यावर सुरू होतं. मी हे कधीच मानलं नाही आणि मानणार नाही. जी पोरं ॲडमिट झालीच नाहीत ती माझ्या रजिस्टरमध्ये दिसत नाहीत म्हणून मी त्यांच्यासाठी काही केलं नाही असं होत नाही.

असो. दवाखाना बंद करू नका, संध्याकाळची ओपीडी ठेवा, लोक खरं तिथेच बोलतात. सरकारी नोकरीत असाल तर आधी राजीनामा मंजूर करून घ्या. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य असेल तर विषयच संपला, आणि तुमच्या हॉस्पिटलचा किंवा मेडिकलचा पालिकेशी काही पुरवठ्याचा करार असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय फॉर्म भरू नका. आणि एका बाबतीत भाऊजींचं मी ऐकते. तालुक्यात रात्री हार्ट अटॅकचे किंवा सर्पदंशाचे पेशंट घेणारे तुम्ही एकटेच असाल, तर आधी दुसरा फिजिशियन गावात आणून बसवा, त्याला पार्टनर करा, हवं तर जास्त वाटा द्या, आणि मगच प्रचाराला निघा.