इंग्लंडमधल्या एका खेड्याचा इतिहास शिकून पुढे काय?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि तिला इंग्लंडला जाऊन तिथल्या एखाद्या लहान पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, स्थानिक इतिहास शिकायचा आहे. ‘परक्या खेड्याच्या इतिहासावर पोट कसं भरणार?’ असं तुम्ही विचारता. काळजी रास्त आहे, पण विषय किरकोळ नाही. १९४८ मध्ये लेस्टरला यासाठी स्वतंत्र विद्यापीठीय विभागच निघाला होता.

श्रॉपशरमध्ये मिडल नावाचं गाव आहे. १७०१ च्या सुमारास तिथल्याच रिचर्ड गॉफने चर्चमधल्या बाकांच्या क्रमाने गावाचा इतिहास लिहिला. हे बाक कोणत्या घराचं, त्या घरात कोण दारूपायी बुडालं, कोणाची जमीन कशी गेली. अशी गावं उभी करायला तिथे कागद भरपूर आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. १८३६ च्या कायद्यानंतर निघालेल्या टाइद (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशांत शेताला क्रमांक, सोबतच्या नोंदवहीत मालक आणि कसणारा. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते गरिबांचे जबाब. १६६२ च्या कायद्यामुळे, मदत कोणत्या पॅरिशने द्यायची हे ठरवण्यासाठी माणसाला शपथेवर सांगावं लागे की जन्म कुठे झाला, वर्षभर चाकरी कोणाकडे केली. ज्यांनी एक ओळही लिहिली नाही, त्यांचं आयुष्य तिथे सापडतं.

आता नोकरीचं. ‘स्थानिक इतिहासकार’ अशा जागा फारशा निघत नाहीत. पगार अभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेत, संग्रहालयात, वारसा जतनाच्या कामात आहे. म्हणून नुसत्या इतिहासाच्या एमएपेक्षा अभिलेख व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मला जास्त भरवशाची वाटते. ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आणि लिव्हरपूलला शिकवतात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचा अभ्यासक्रम तर घरी बसून करता येतो. जुनं हस्ताक्षर वाचण्याची सवय इथेही कामी येईल; मोडी शिकली तर पुण्यातल्या पेशवे दफ्तराचं दार उघडेल.

कर्ज काढण्याआधी तिला एवढं करू द्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जुनी अक्षरं वाचण्याचे मोफत धडे आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट पाहता येतात. एकच गाव आणि एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, १८५१ च्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मस्थान आहे. त्यावरून गावातले किती शेतमजूर बाहेरून आलेले होते? एक सूचना: १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी १७०० ची नोंद आपल्या हिशेबाने १७०१ ची.

तीन-चार महिन्यांत दहा पानं लिहून झाली की ती मला पाठवा. अर्ज कुठे करायचा ते त्यावरून ठरवू.