माझा भाऊ रात्रभर मासेमारीच्या बोटीवर असतो, त्याने पोटभर कधी जेवावं?

संध्याकाळी, बोट सुटायच्या आधी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघून मध्यरात्री जाळं ओढून झालं की भाकरी-कालवणाचा अख्खा डबा संपवायची तुमच्या भावाची सवय, त्यांची रक्तातली साखर वाढायला लागली असेल तर, बदलायलाच हवी. काळोख पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक सोडते. त्याचा परिणाम स्वादुपिंडावरही होतो आणि साखर उतरवणारं इन्सुलिन कमी स्रवतं, म्हणून तीच भाकरी रात्री साखर जास्त चढवते. हार्वर्डचे संशोधक फ्रँक शीर यांचं यावरचं काम मला फार मोलाचं वाटतं. स्पेनच्या मार्ता गाराउलेत यांच्यासह २०२२ साली त्यांनी ८४५ जणांना एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा तासभर आधी ग्लुकोजचं पाणी दिलं. उशिराच्या वेळी मेलाटोनिन साडेतीन पट होतं, इन्सुलिन कमी आणि साखर जास्त. त्याआधी २०२१ च्या प्रयोगात रात्रपाळीसारखं जागवलेल्यांपैकी जे रात्री जेवले त्यांची साखर ६.४ टक्क्यांनी चढली; फक्त दिवसा जेवलेल्यांची लक्षणीय वाढली नाही. पण ते १९ निरोगी तरुण होते, प्रयोगशाळेत होते, आणि जाळं ओढत नव्हते. अंगमेहनत करणाऱ्याने रात्रभर उपाशी राहू नये: मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं जवळ ठेवावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला, भर समुद्रात साखर उतरणं जिवावर बेतू शकतं.